हेमालीच्या इन्सुलिनचा माठ

मी एक जुना माठ आहे. भिवंडीजवळच्या शेलार गावात, विठूच्या स्वयंपाकघरात, मोरीशेजारी मी बसतो. मित्रांनो, माझ्यात प्यायचं पाणी नाही. ओली वाळू आहे, वाळूत छोटं मडकं आहे आणि मडक्यात विठूच्या लेकीचा, हेमालीचा, जीव आहे.

कुंभाराच्या घरून आलो तेव्हा माझ्या गार पाण्याचं पाहुणे कौतुक करत. मग अकरा वर्षांची हेमाली शाळेत चक्कर येऊन पडली. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नव्हतं. ते रोज सुईने घ्यायचं आणि त्याची बाटली थंड ठेवायची. घरात फ्रीज नव्हता. ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या आईला, तुळजाला, माठाचा उपाय सांगितला. "थंड हवा, पन बरफ नको," असं तुळजा घरी येऊन म्हणाली होती. बर्फ घरात येतोच कुठे, म्हणून ते वाक्य सगळे विसरले. मी विसरलो नाही.

सात वर्षं सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी पीत मी बाटली सांभाळली. एकदा हेमाली ठाण्याहून आली ती वेगळ्याच तोऱ्यात.

"आई, मला डॉक्टरीणबाईंसारखी ग्रंथींची डॉक्टर व्हायचंय. साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग तीन वर्षं एमडी, मग तीन वर्षं डीएम."

"साडेअकरा वर्सं? आन् लगीन?"

"लग्नाला प्रवेश परीक्षा नसते. ते कधीही होतं."

तिने खडूने माझ्या पोटावर लिहिलं : एंडोक्रायनॉलॉजिस्ट. मी घामट. दुपारपर्यंत अक्षरं पुसली जात. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा लिही, आणि मला मोठा मान मिळाल्यासारखं वाटे.

यंदा तिच्या डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या आठवड्यात विठूने जुना फ्रीज आणला. कापडाच्या लूमवर ड्युटी करून थकलेला माणूस, पण त्या दिवशी गालात हसत होता. माझी वाळू परसात ओतली गेली आणि माझ्यात कांदे भरले गेले. विठूने बाटल्या स्वतःच्या हाताने वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. मी समोरच होतो. मला तोंड आहे, पण ते फक्त भरायचं तोंड.

रोज रात्री विठू बाटली त्याच कप्प्यात ठेवी आणि पहाटे बाहेर काढून ठेवी. हेमाली उठेपर्यंत बर्फ वितळलेला असे आणि औषध नेहमीसारखंच दिसे. ती सुई घेई. साखर मात्र चढतच गेली. तिने डोस वाढवला, आकडा उतरेना. घागरभर पाणी प्यायली तरी तहान जाईना. तुळजा म्हणे, "परीक्षेचा ताप हाय." मी आतल्या आत तडकत होतो.

परीक्षेच्या सकाळी ती उलट्या करत भिंतीला टेकली. श्वास खोल, धापा टाकल्यासारखा.

"बाबा, बाटली कुठे ठेवत होतात?"

विठूने कप्पा उघडून दाखवला. "जितका गार तितका बरा, असा वाटला मना."

"गोठलं की ते कामाचं राहत नाही, बाबा."

तुळजाने रिक्षा आणली. परीक्षेची वेळ झाली तेव्हा हेमाली सलाइनवर होती आणि तिचं प्रवेशपत्र माझ्या झाकणावर पडून होतं.

ती वाचली. पाचव्या दिवशी घरी आली. विठूने कांदे काढून वाळू भरली. खालचा कप्पा चालतो असं बाईंनी सांगितलंय, पण वीज सारखी जाते आणि विठू आता फ्रीजला हात लावायला धजत नाही. सगळा भार पुन्हा माझ्यावर आला. माझी छिद्रं बुजत चालली आहेत, गळ्याखाली तडा आहे. परीक्षा पुन्हा पुढच्या वर्षीच, म्हणून साडेअकराची आता साडेबारा वर्षं झाली. एवढे उन्हाळे मी कुठून आणू?

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचं इन्सुलिन असेल तर ते थंड ठेवा, गोठवू नका. आणि ते का, हे घरातल्या प्रत्येकाला सांगा. माया करणाऱ्याला तर आधी सांगा.

काल हेमालीने खडू उचलला. माझ्या पोटावर फक्त 'एं' लिहिलं आणि ती थांबली. आता मला घाम आला तर ते अक्षर पुसलं जाईल. नाही आला तर औषध तापेल.

मला घाम येतो आहे. मित्रांनो, कुणीतरी तिच्या हातात पुन्हा खडू द्या.