दोन तपासण्यांच्या मधले दिवस

गिऱ्हाईक बाईचे केस कापता कापता ताई मटकन खाली बसली. डोक्यात कुणीतरी घण घातला, एवढंच तिला सांगता आलं. मग उलटी झाली आणि डोळे मिटले. त्या बाईनेच ॲम्ब्युलन्स बोलावली. धाकट्या भावाला निरोप मिळाला तेव्हा तो शिडीवर उभा राहून भिंत रंगवत होता. हातावरचा रंगही न धुता तो हॉस्पिटलात पोचला. आई गेल्यावर ताईनेच त्याला लहानाचा मोठा केला होता.

सीटी स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्त दिसलं. शिरेतून औषध सोडून पुन्हा स्कॅन केला, रक्तवाहिन्या तपासल्या. काही सापडलं नाही. मग जांघेतून बारीक नळी मानेपर्यंत नेऊन अँजिओग्राफी केली. तीही कोरी निघाली. भावजींनी सुटकेचा निःश्वास टाकला. धाकट्याच्या मात्र ते घशाखाली उतरेना. काहीच नाही, तर मग रक्त आलं कुठून?

डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं. रक्तवाहिनीला आलेला फुगा कधी कधी गुठळीखाली झाकला जातो, किंवा वाहिनीच आकसते आणि औषध फुग्यात शिरत नाही. "रक्त जिथं साचलंय, ती जागा मला स्वस्थ बसू देत नाही," त्या म्हणाल्या. आठवडाभराने पुन्हा बघायचं ठरलं. तोवर तो फुगा असेल तर परत फुटूही शकतो, हेही त्यांनी लपवलं नाही.

तो आठवडा धाकट्याने कसा काढला, ते त्याचं त्यालाच ठाऊक. खुर्चीवर बसला की पाय हलायचे, उठला की कुठं जावं कळायचं नाही. लादी पुसणाऱ्या मावशींनी त्याला दोनदा हटकलं. ताई खोकली तरी तो पलंगाशी धावायचा. ताईला मात्र दिवसागणिक हुशारी येत गेली. ती परिचारिकांच्या केसांची उणीदुणी काढू लागली, आणि एका दुपारी तिने जाहीर केलं की आता घरी जायचं. भावजीही तिच्याच बाजूने झाले.

"मला पुन्हा त्या टेबलावर झोपायचं नाही," ती म्हणाली. "औषध सोडलं की डोक्यात आग होते. आणि हाती काय लागलं? भोपळा."

धाकट्याने आजवर तिचा शब्द खाली पडू दिला नव्हता. त्या दिवशी तो पलंगाची कड धरून उभा राहिला.

"तू घरी गेलीस तर मी तुझ्या दाराशी बसून राहीन. श्वास चालू आहे का, बघत. ताई, असं मला नाही जगता येणार."

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. "नाटकी आहेस," ती म्हणाली. पण थांबली.

दुसऱ्या अँजिओग्राफीत तो फुगा दिसला. पडद्यावर चित्र गोल फिरवताना एकाच कोनातून, एका वळणामागे, मिरीच्या दाण्याएवढा. त्याच नळीतून बारीक तारेची वेटोळी आत भरून डॉक्टरांनी फुग्याचं तोंड बंद केलं. बाहेर बाकावर भावजी बसले होते. खाली मान घालूनच म्हणाले, "मी तिला घरी नेणार होतो." धाकटा त्यांच्याजवळ सरकून बसला.

ताई शुद्धीवर आली तेव्हा उजव्या हाताची बोटं तिचं ऐकत नव्हती. या उपचारात असं होऊ शकतं, डॉक्टरबाई म्हणाल्या. आणि हट्ट धाकट्याचाच होता. ताई चिडली, रडली, दिवसभर कुणाशी बोलली नाही. बोटं हळूहळू वळू लागली. करंगळी अजून बधिर आहे.

पुढच्या तपासणीत फुगा बंदच दिसला. डॉक्टरबाई समाधानी आहेत. तरी धाकटा रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून फोन करतो. कधी भावजींची चौकशी, कधी हवापाण्याची. ताई त्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही.

"जिवंत आहे रे," ती म्हणते. "ठेव आता."

तो फोन ठेवतो, आणि दुपारपर्यंत त्याला बरं वाटतं.