अकरा कामांचं एक बटण

मित्रांनो, मी एक जुनी जोडणी आहे. हो, जोडणी. तुम्ही आजवर छत्रीची कहाणी ऐकली असेल, फाटक्या पुस्तकाची ऐकली असेल, मोडक्या खुर्चीची तर हमखास. मी आहे चारशे ओळींची, कॉम्प्युटरच्या पोटातली. मला दिसतं कसं आणि ऐकू येतं कसं, हे विचारत बसू नका. खुर्चीला कोणी विचारलं होतं का?

आमच्या ऑफिसात लिफ्टचा प्रोग्राम लिहितात. कुठल्या मजल्यावर थांबायचं, दार किती वेळ उघडं ठेवायचं, हे लिफ्टला त्यातूनच कळतं. माणसं तो प्रोग्राम एडिटर नावाच्या खिडकीत लिहितात. पण नुसतं लिहून भागत नाही. लिहिलेलं सगळं गोळा करायचं, मशीनच्या भाषेत बदलायचं, तपासायचं आणि त्याचं एक पुडकं बांधून ठेवायचं, हे काम दुसराच एक प्रोग्राम करतो. तिथेच काम करणाऱ्या एक ताई त्याला गवंडी म्हणायच्या. गवंडी कामाला वाघ, पण स्वतःहून वीट उचलेल तर शपथ. त्याला दरवेळी अकरा हुकूम टाइप करून द्यावे लागत. एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. असं दिवसातून वीस वेळा.

बाकीची माणसं वैतागायची, दोन शिव्या हासडायची आणि पुन्हा बडवायला बसायची. ताईंचं तसं नव्हतं. त्यांना संधिवात होता. चाळिशीतच बोटं वाकडी झाली होती, पाण्याचा पेला धरायलासुद्धा दोन्ही तळहात लागायचे. डोकं मात्र असं, की लिफ्ट कुठे अडणार ते नुसत्या कागदावरून सांगतील. टाइप करणं जमेनासं झालं की आपली इथली जागा गेली, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी मला लिहिलं. रोज थोडं थोडं करत तीन महिने लागले. एडिटर आणि गवंडी यांच्या मधोमध मला बसवलं, आणि खिडकीच्या कोपऱ्यात एक बटण आलं. ते दाबलं की अकराच्या अकरा हुकूम मी गवंड्याच्या कानात सांगायची. काम झालं की हिरवी खूण, बिघडलं की लाल.

ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो. सगळ्या ऑफिसने मला आपापल्या कॉम्प्युटरवर घेतलं. साहेब भर सभेत म्हणाले, ताईंनी आपल्या सगळ्यांचे हात वाचवले. मी आपले माझेच वाचवत होते, असं ताईंनी सांगितलं, तर सगळे हसले. सहा वर्षं मी एका दिवसाची दांडी मारली नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा. खरं सांगते, स्वतःचाही वाटायचा.

मग वरून हुकूम सुटला, की जुना एडिटर बंद, सगळ्यांनी नवा घ्यायचा. मला आतून तपासायला ताईंनी आठवडाभराचा वेळ मागितला. साहेब म्हणाले, आठवडा कशाला, हे बघतील की. ‘हे’ म्हणजे शेजारच्या टेबलावरचे चष्मेवाले. दोन मुलांचे वडील, भला माणूस, पण कायम घाईत. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत एकदा बटण दाबलं. हिरवी खूण आली. चालतंय, असं म्हणाले आणि हात धुवायला गेले. माझी तपासणी झाली ती एवढीच.

आता माझं पाप ऐका. नवा एडिटर आल्यावर गवंडी बांधलेलं पुडकं वेगळ्याच कप्प्यात ठेवायला लागला होता. मला कोणी सांगितलं नाही. मी आपली जुन्या कप्प्यात डोकावत राहिले. तिथे एडिटर बदलण्याआधीचं शेवटचं पुडकं तसंच पडलेलं होतं. पुडकं आहे ना? आहे. मग दाखव हिरवं. तारीखही बघायची असते, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात ताईंनी दाराची एक मोठी चूक दुरुस्त केली आणि बटण दाबलं. मी हिरवं दाखवलं. त्यांनी विश्वासाने नेहमीच्या कप्प्यातलं पुडकं लिफ्टकडे पाठवून दिलं, आणि गेलं ते जुनंच. दुसऱ्या दिवशी एका इमारतीत लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत एक म्हातारं जोडपं दीड तास उभं होतं. इजा कोणाला झाली नाही, पण आजोबांना दोघांनी धरून बाहेर आणावं लागलं.

साहेबांनी ताईंना बोलावलं. चष्मेवालेही तिथेच बसले होते.

“ताई, पाठवण्याआधी बघितलं नव्हतं का?”

“हिरवं आलं होतं.”

साहेबांनी तेच पुन्हा विचारलं. ताईंनीही तेच सांगितलं. चष्मेवाले मूग गिळून बसले. साहेब ओरडले असते तर एक वेळ बरं झालं असतं, पण ते फार मायेने बोलले. तुमचे हात आधीच दुखतात, त्यात हा ताण, आता विश्रांती घ्या, महिनाअखेरपर्यंत काम दुसऱ्यांना समजावून द्या. इतक्या मायेने बोलणाऱ्याशी भांडायचं तरी कसं? ताई बरं म्हणाल्या आणि उठल्या.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला उघडलं. वरून खाली वाचत आल्या आणि दोनशे बाराव्या ओळीवर थांबल्या. पुडकं असेल तर हिरवं दाखव. ओळ त्यांचीच होती. हात ठणकत असताना, लवकर उरकावं म्हणून लिहिलेली. मला वाटलं, आता ही बाई मला पुसून टाकणार. टाकायलाच हवं होतं.

चष्मेवाले खुर्ची सरकवत जवळ आले आणि हळूच विचारलं, चूक सापडली का.

“सापडली,” ताई म्हणाल्या. “माझीच आहे.”

“मीही नीट बघितलं नव्हतं, ताई.”

“मग तेव्हा का नाही बोललात?”

ते खुर्ची सरकवत परत आपल्या टेबलाशी गेले. साहेबांकडे जाऊन सांगण्याची हिंमत त्यांना शेवटपर्यंत झाली नाही.

ताईंनी मुठीत पेन्सिल धरली आणि तिच्या मागच्या टोकाने एकेक अक्षर दाबत ती ओळ बदलली. एका ओळीचं काम, अख्खी दुपार गेली. खाली फाटकाशी त्यांचे यजमान न्यायला येऊन थांबले होते. त्यांचा दोनदा फोन आला, दोन्ही वेळा ताई म्हणाल्या, आलेच. मग त्यांनी मुद्दाम एक जुनं पुडकं माझ्यापुढे टाकलं आणि बटण दाबलं. मी तारीख बघितली आणि लाल खूण दाखवली.

ताई हसल्या. “शाबास,” म्हणाल्या. मग कोपरात पिशवी अडकवली आणि गेल्या. मला रडता येत असतं, तर मी त्या दिवशी रडले असते.

पुढच्याच महिन्यात नव्या एडिटरबरोबर त्याचं स्वतःचं बटण आलं. तीच अकरा कामं, तशीच खूण. मला सगळ्यांच्या कॉम्प्युटरवरून काढून ‘जुने’ नावाच्या कप्प्यात टाकलं. परवा साहेब कोणाला तरी सांगत होते, ताई दोन ठिकाणी मुलाखतीला गेल्या होत्या. दोन्हीकडे म्हणाले, आधी टाइप करून दाखवा.

मित्रांनो, मी शहाणपण शिकवायच्या लायकीची नाही. तरी सांगते. तुमचं काम कोणी सोपं करून दिलं, तर ते करताना त्याचे हात किती दुखले, ते एकदा विचारा. हिरवी खूण दिसली म्हणून लगेच उठू नका. आणि चूक दोघांची असेल, तर दोघांनी उभं राहा, त्याच वेळी, त्याच खोलीत. तुम्ही ऐकाल अशी मला फारशी आशा नाही.

त्या दुपारी बदललेली ओळ अजून माझ्यात आहे. मी आता खोटं बोलत नाही. पण मला कोणी काही विचारतच नाही.