सरकारी बूट

"काका, बूट खालीच काढा हं प्लीज, दीपप्रज्वलन आहे!" सूत्रसंचालन करणारी विनीता माईकवरूनच म्हणाली.

इकडे अमेरिकेत, एडिसन गावातल्या शाळेचा हॉल, पंधरा ऑगस्टचा कार्यक्रम, आणि स्टेजच्या पहिल्याच पायरीवर माझे सासरे अप्पा, म्हणजे विष्णू रणपिसे, थबकले. एकोणीसशे पंच्याऐंशी साल उजाडलं तेव्हा कुठे आमच्या मराठी मंडळाला एका जुन्या फौजीच्या हातून दिवा लावायचं सुचलं होतं. अप्पा सकाळपासून बूट घासत बसले होते. म्हटलं, आता हा माणूस मागे फिरला, तर पुन्हा चार माणसांत यायचा नाही.

त्यात येताना श्रीरंगने माती खाल्ली होतीच. शेजारच्या पिस्कॅटवे गावात पीएचडी करतो, आमच्याच गाडीतून राइड घेतो, आणि वर अप्पांना विचारतो, "काका, पण बर्म्यात तुम्ही ब्रिटिशांसाठीच फाइट केलं ना?" अप्पांनी रुमाल काढून बुटांवरची धूळ पुसली. असा राग आला होता मला त्या पोराचा!

"बूट नाही काढणार मी, बाई," अप्पा म्हणाले. विनीताने गडबडून माईकच त्यांच्यापुढे धरला.

"मघाशी एकानं विचारलं, इंग्रजासाठी का लढलात. इंग्रजाचं मला काय सोयरसुतक? आम्ही महारवाड्यातले. गावातून जाताना वहाणा हातात घ्यायच्या, ही रीत. पलटणीत भरती झालो अन् पायात बूट आले. रजेवर गेलो, तर चावडीपुढं पाटलांनी हटकलं, 'बूट काढ.' मी सॅल्यूट ठोकला. म्हटलं, 'सरकारी बूट आहेत. हुकमाशिवाय काढले तर कोर्टमार्शल होईल!'" अप्पा गालात हसले. "साफ थाप! पण पाटील बाजूला सरले. भर गावातून बूट वाजवत घरी गेलो. आवाज ऐकून आई दारात आली अन् रडायलाच लागली. त्यासाठी लढलो, बाळा."

श्रीरंगची मान खाली गेली. कोपऱ्यात काढून ठेवलेल्या स्वतःच्या चपला विनीताने पायात सरकवल्या आणि म्हणाली, "या काका."

टाक, टाक, टाक! लाकडी स्टेजवर बूट वाजत गेले. दिवा लागला आणि टाळ्यांनी हॉल दणाणला. मी तर चक्क शिट्टी मारली, सासऱ्यांसमोर! ज्याला जे वाटायचं ते वाटो.

घरी आलो. दारातच अप्पा वाकले, नाड्या सोडल्या आणि बूट जोडीने भिंतीशी लावून ठेवले. माझी लेक दीपा बघतच राहिली. ही इथेच जन्मलेली.

"बट आजोबा, तिकडे तर यू सेड नो! मग इथे का काढले?"

"इथं मला कुणी 'काढ' म्हणालं का?" अप्पा म्हणाले आणि अनवाणी आत गेले.