पावसासाठी आमची सेन्योरिता

"सुऱ्या रोवल्यास का गं?" लग्नांना भाड्याने द्यायच्या जागेची मालकीण दोन्या अंपारो ओसरीतून ओरडली.

तिच्याकडे कामाला असलेल्या ओब्दुलियाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नवरी होडीतून येणार, म्हणून ती धक्क्याच्या फळ्या पायाने दाबून बघत होती. सकाळी एकदा बघून झाल्या होत्या, तरी पुन्हा. मग संडासात पाणी आहे का ते बघून आली, जनरेटर उगाच चालवून बंद केला, हिरवळीत रुतणाऱ्या खुर्च्यांखाली लाकडाचे तुकडे सरकवले. एका जागी तिचा पाय ठरत नव्हता. पलीकडच्या डोंगरावर ढग ठाण मांडून बसले होते आणि मोरेलिया शहरातून आलेली नवरीची आई सारखी मान वर करून बघत होती.

मिचोआकान प्रांतात, त्यातही तळ्याकाठी, उघड्यावर लग्न म्हटलं की पावसाची धास्ती आलीच, आणि त्यावरचा उपायही ठरलेला. कुमारिकेने बागेच्या कोपऱ्यात सुऱ्या टोकाने मातीत रोवायच्या, की ढग फाटतात. वऱ्हाडातल्या पोरींना हे काम सांगायची सोय नाही. नेमकं तेव्हाच प्रत्येकीला केस नीट करायचे असतात. म्हणून हे काम कायमचं ओब्दुलियाच्या गळ्यात. चाळिशी उलटलेली, बिनलग्नाची, तोंडाने फटकळ. तिच्याबद्दल शंका घ्यावी असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. जागा बघायला आलेल्यांना दोन्या अंपारो सांगायची, "धक्का आहे, खोल्या आहेत, मोठी चूल आहे, आणि पावसासाठी आमची सेन्योरिता आहे." लोक हसायचे. ओब्दुलियाही हसायची.

यंदा मात्र ते हसू आटलं होतं. होडीवाला नासारियो विधुर, बोलायला गोड. ईस्टरपासून दोघांचं जमलं होतं, होड्यांच्या शेडमध्ये, चोरून. "माझ्या पोरींना इतक्यात नको सांगायला. त्यांची आई जाऊन वर्षच होतंय," असं तो दर वेळी म्हणायचा आणि ती दर वेळी मान हलवायची. पण आजचं लग्न पावसाळ्यातलं पहिलं. सुऱ्या रोवल्या आणि पाऊस आला, तर सगळ्यांना कळणार. रोवायला नकार दिला, तरी कळणार. असा पेच तिच्या वैऱ्यावरही येऊ नये.

"बाई, तुम्हीच ना त्या?" नवरीची आई जवळ येऊन हळूच म्हणाली. "लवकर रोवा हो. पोरीचा झगा रेशमी आहे."

"आमच्या दुलियाने रोवल्या की थेंब पडत नाही," दोन्या अंपारो मागून म्हणाली. "हिच्याएवढी खात्रीची दुसरी कोण मिळायची?"

दोघी हसल्या. ओब्दुलियाने सुऱ्या घेतल्या, कोपऱ्यात गेली आणि रोवल्या. एक सुरी आडवी झाली, ती तिने पुन्हा खुपसली.

नवरी आली, लग्न लागलं, ताटं वाढली गेली. आणि ढग सरकले. थोडेथोडके नाही, पार पलीकडच्या खोऱ्यात गेले. आभाळ निळंशार झालं. नवरीच्या आईने ग्लास उंचावून ओब्दुलियाचं नाव घेतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

टेबलाच्या टोकाला कार्नितास, म्हणजे तळलेलं डुकराचं मांस, हाणत बसलेल्या नासारियोने तिला खुणेने जवळ बोलावलं. "वाचलो गं," तो कुजबुजला. "आता कुणाला वासही लागणार नाही. चालू दे असंच."

ओब्दुलियाला भयंकर राग आला. त्याचा आला, त्याहून जास्त स्वतःचा. सकाळपासून ती त्या पावसाची वाट बघत होती आणि ते तिला आत्ता कळत होतं.

"दोन्या," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पुढच्या लग्नाला दुसरी कुणी बघा. माझ्या हातच्या सुऱ्या आता चालायच्या नाहीत."

दोन्या अंपारोने आधी तिच्याकडे पाहिलं, मग वर आभाळाकडे. "अगं, पण पाऊस तर आला नाही."

"नाही आला. त्याला मी काय करू?"

"आणि... कोण तो?"

ओब्दुलियाने नासारियोकडे बघितलंसुद्धा नाही. तोंड उघडायला त्याला पुरेसा वेळ दिला. नासारियोने मिशा पुसल्या, खुर्ची मागे सारली.

"होडी झाकून येतो," तो म्हणाला. "पाऊस येईलसं दिसतंय."

सगळ्यांनी वर पाहिलं. औषधालासुद्धा ढग नव्हता. मग सगळ्यांनी धक्क्याकडे झपाझप चाललेल्या नासारियोच्या पाठीकडे पाहिलं, आणि कुणाला काही विचारायची गरज उरली नाही.

"हा?" दोन्या अंपारो म्हणाली. "याच्यासाठी?"

"हो, याच्यासाठी," ओब्दुलिया म्हणाली. तिला रडू फुटत होतं. ती त्याच्या खुर्चीवर बसली, त्याचं अर्धवट टाकलेलं ताट पुढे ओढलं आणि पाहुण्यांच्या पंगतीत जेवायला लागली.