जयभीम मॅडम

वायाळ सरांनी स्टाफरूममधल्या प्रत्येकाला नाव ठेवलं होतं, आणि प्रत्येक नाव त्या माणसाच्या जातीवरून नाहीतर धर्मावरून काढलेलं होतं. कॉमर्सचे जैन सर ‘शेठ’. गणिताचे पठाण सर ‘मियाँ’. शिपाई कल्याण राठोड ‘तांडा’. मी रसायनशास्त्र शिकवायला रुजू झाले, त्याला आठवडा झाला नसेल, तोवर प्रियदर्शनी हिवाळेची ‘जयभीम मॅडम’ झाली. बद्रीनाथ वायाळ स्वतः मात्र नुसते ‘सर’. त्यांना नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती, कारण आमच्या परतूरच्या ज्युनियर कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष त्यांचे सख्खे मामा होते.

वायाळ सर मराठी शिकवत. शिकवत म्हणजे, वीस वर्षांपूर्वी काढलेल्या नोट्स वाचून दाखवत. वहीची पानं पिवळी पडली होती आणि काही ठिकाणी त्यांचंच अक्षर त्यांना लागत नव्हतं. तिथे ते खाकरत आणि पुढच्या ओळीवर जात. पोरं ते खाकरणंसुद्धा लिहून घेतील अशी मला भीती वाटायची.

पहिल्यांदा ते नाव आलं चहाच्या वेळी. “ए तांडा, जयभीम मॅडमला बिनसाखरेचा दे रे.” सगळे हसले. मीही हसले. नवीन माणूस हसतो. त्यांच्या बोलण्यापेक्षा मला माझ्या त्या हसण्याचाच अजून जास्त राग येतो.

नंतर मी एकदा सरळ सांगून पाहिलं.

“सर, माझं आडनाव हिवाळे आहे. हिवाळे मॅडम म्हणा.”

“का बरं? जयभीममधी वाईट काये?” त्यांना खरोखर नवल वाटलं होतं. “तुम्हीच म्हणता ना एकमेकाला? मी काय शिवी देऊन राह्यलो का?”

“आम्ही म्हणतो तो नमस्कार असतो, सर. ते कुणाचं नाव नसतं.”

“अहो, शब्द निर्मळ असतो. ऐकणाऱ्याच्या मनात जे असते, ते त्याला त्याच्यात दिसते. आता आमच्या गावात मला सगळे पाटील म्हणतात. मी चिडतो का?”

यावर बाकीच्यांनी माना डोलावल्या. एवढा पदवीधर माणसांचा घोळका, पण ‘पाटील’ म्हटल्यावर समोरचा खुर्ची सोडून उठतो आणि ‘जयभीमवाले’ म्हटल्यावर खुर्ची पुसून घेतो, हा फरक त्यांतल्या एकालाही कळला नाही. किंवा कळला असेल, आणि चहा गार होत असेल.

मी मंठ्याहून एसटीनं येऊन-जाऊन करते, त्यालाही हे नावच कारण आहे. सुरुवातीला परतूरलाच खोली घ्यायची ठरली होती. स्टेशन रोडला सोनूबाई नावाच्या एका बाईंची वरची खोली रिकामी होती. वायाळ सर म्हणाले, थांबा, माझ्या ओळखीच्या आहेत, मी सांगतो. माझ्यासमोरच त्यांनी फोन लावला. “मावशी, आमच्या जयभीम मॅडम येऊन राह्यल्या खोली बघायला. लई चांगल्या आहेत बरं का, बिलकुल त्रास न्हाई.” मी पंधरा मिनिटांत पोहोचले. सोनूबाई जिन्यातच उभ्या होत्या. खोली आत्ताच गेली म्हणाल्या. वर खिडकी सताड उघडी होती आणि आत कुणीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी वायाळ सरांनी विचारलं, “जमलं का मंग?” आणि न जमल्याचं ऐकून मनापासून हळहळले. आपण मदत केली असंच त्यांना आजही वाटतं. दुष्ट माणूस परवडला, त्याला निदान आपण काय करतो ते ठाऊक असतं.

आमच्या घरी हा शब्द कसा असतो, ते सांगायला हवं. माझे वडील पुंजाराम हिवाळे गवंडीकाम करतात. मंठ्यातल्या अर्ध्या भिंती त्यांच्या हातच्या आहेत. ते बांबूच्या पाडावर चढलेले असतात, खालून कुणी सायकलवाला “जयभीम, मिस्तरी!” म्हणत जातो, आणि थापी हातातच ठेवून, मान न वळवता ते “जयभीम, जयभीम!” म्हणतात. कोण होता ते त्यांना आवाजावरून कळतं. आमच्या दारात आधी जयभीम येतो आणि त्याच्यामागून माणूस. तो घातला की परत यायलाच पाहिजे. न आला तर माणसं भांडण झालंय का विचारतात.

दोन वर्षं गेली. मग एका सकाळी मी स्टाफरूममध्ये प्रॅक्टिकलच्या जर्नल्स तपासत बसले होते. दारातून आवाज आला, “काय, जयभीम मॅडम!” माझं लक्ष वहीत. घरच्या सवयीनं तोंडून निघून गेलं, “जयभीम, सर.”

उत्तर आलं नाही.

मी वर पाहिलं. वायाळ सर दारातच थांबले होते. तोंडावरचं हसू तसंच होतं, पण ते आता कशासाठी आहे हे त्यांनाच उमगत नव्हतं. “हां... हां,” म्हणाले, आणि घाईघाईनं मस्टरकडे गेले. सही दुसऱ्याच्याच रकान्यात केली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ज्या माणसानं दोन वर्षांत हा शब्द शेकडो वेळा उच्चारला, त्याला तो एकदाही परत करता येत नव्हता. मला चिकटवायला त्याची जीभ सुटी होती. माझ्याकडून घ्यायची वेळ आली की ती टाळ्याला चिकटत होती.

त्या दिवसापासून मी चुकले नाही. त्यांनी “जयभीम मॅडम” म्हणायचं आणि मी उठून, हात जोडून “जयभीम, सर” म्हणायचं. म्हणून थांबायचं. नुसतं थांबायचं. पहिल्या आठवड्यात त्यांनी “नमस्कार, नमस्कार” करून पाहिलं. मग “राम राम”. मग “गुड मॉर्निंग”, तेही दुपारी तीन वाजता. मराठीचा एमए, सुवर्णपदकाची फ्रेम घरी लावलेली, आणि चार अक्षरी उत्तरासाठी भाषेच्या मागे असा धावत होता.

इंग्रजीच्या वंदना मॅडम माझ्याच वयाच्या. त्या मला पोर्चमध्ये गाठून म्हणाल्या, “अगं, सोड ना. बिचाऱ्याची पंचाईत होऊन राह्यली.”

“म्हणून टाकावं ना त्यांनी. कितीसा वेळ लागतो?”

“तुला माहितीये ते म्हणणार न्हाईत.”

“मला माहितीये. त्यांना आत्ता माहीत होऊन राह्यलंय.”

शिपाई कल्याणला मी म्हटलं, तुम्हीही सांगा की त्यांना, तुमचं नाव काय आहे ते. त्यानं कपबशा विसळता विसळता मान हलवली. “माझं राहू द्या मॅडम. आमच्या तांड्यावर गेलो की मला तांडा कुणी म्हणत न्हाई, आन् म्हटलं तरी कानाला लागत न्हाई. इथं लागते. पण रिटायर व्हायला दोन वर्षं राह्यलीत.” त्याच्यावर मी चिडले नाही. ज्यांना काहीच गमवायचं नव्हतं आणि तरी हसत होते, त्यांच्यावर चिडले.

जानेवारीत स्नेहसंमेलन झालं. मैदानावर मंडप, पोरंपोरी मिळून हजारभर, पुढच्या रांगेत सोफ्यावर अध्यक्ष मामा आणि गावोगावची मोठी मंडळी. सूत्रसंचालन अर्थातच वायाळ सरांकडे. फेटा बांधून, शेरोशायरी पाठ करून आले होते. स्टाफरूममध्ये मागचा महिनाभर ते मला काहीच म्हणेनासे झाले होते. पण समोर माणसं दिसली आणि माईक हातात आला, की या जातीच्या विनोदवीरांना राहवत नाही.

“आता बक्षीसपात्र विद्यार्थ्यांची नावं वाचतील आपल्या सगळ्यांच्या लाडक्या... जयभीम मॅडम!”

हशा पिकला. सोफ्यावरूनही पिकला.

मी स्टेजवर गेले. दुसरा माईक घेतला. हात जोडले. “जयभीम, वायाळ सर.”

आणि थांबले.

मागच्या रांगांमधून आधी एक मुलगा ओरडला, “जयभीम, मॅडम!” मग दहा-बारा आवाज, मग मुलींच्या बाजूनेही. तो मला घातलेला जयभीम होता, पूर्ण, स्वच्छ. मी मान लववून घेतला आणि पुन्हा वायाळ सरांकडे वळले. त्यांच्या हातातला माईक त्यांनी कुठेतरी खाली धरला आणि स्पीकर कर्कश किंचाळला. फेट्याखालून घाम कानाकडे निघाला होता. “हां... वाचा, वाचा. वेळ होऊन राह्यला,” ते म्हणाले. मी हलले नाही.

तेवढ्यात सोफ्यावरून अध्यक्ष मामा उठले. त्यांनी जिल्हा परिषदेच्या तीन निवडणुका लढवल्या होत्या. सराईतपणे दोन्ही हात डोक्याच्याही वर नेऊन ते चौफेर फिरले, “जयभीम! जयभीम! सगळ्याला जयभीम!” टाळ्या पडल्या. मामांनी भाच्याकडे असं पाहिलं, की एवढंही जमत न्हाई का तुला? मामांच्या खिशात तो शब्द मतदानाच्या चिठ्ठ्यांबरोबर कायमचा असायचा. लागला की काढायचा, काम झालं की घडी घालायची. भाच्याला निदान तो गिळता येत नव्हता, मामांना तर त्याची चवच लागत नव्हती. दोघांपैकी जास्त किळस कुणाची यावी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी यादी वाचली आणि खाली उतरले.

सोमवारी प्राचार्यांनी बोलावलं. वायाळ सर आधीच बसलेले होते. टेबलावर त्यांचा लेखी अर्ज. प्राचार्यांनी तो हळू आवाजात वाचला: “सदर शिक्षिका मला वारंवार व हेतुपुरस्सर ‘जयभीम’ असे म्हणतात. त्यामुळे माझी मानहानी होऊन मला मानसिक त्रास होत आहे.”

वाचून झाल्यावर प्राचार्यांनी चष्मा काढला.

“सर, हे... हे असं लिहून कसं चालेल? हा कागद बाहेर गेला तर?”

“मंग काय लिहू? त्या जातीवाद करून राह्यल्या.”

“‘अभिवादनाच्या पद्धतीबाबत मतभेद’ असं काहीतरी लिहा.”

“राहू द्या सर तसंच,” मी म्हटलं. “बराबर लिहिलंय. शब्द निर्मळ असतो, वायाळ सरच म्हणाले होते. दोन वर्षं ते मला हेच म्हणत होते, तेव्हा ते प्रेम होतं. मी म्हटलं की मानहानी. हे त्यांच्या सहीनिशी कुठंतरी असलं पाहिजे.”

वायाळ सरांनी हात लांब करून अर्ज ओढला. चार तुकडे केले, आणि तुकडे टोपलीत न टाकता स्वतःच्या खिशात घातले. एवढी अक्कल त्यांना होती. प्राचार्यांनी आम्हा दोघांसाठी चहा मागवला आणि ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ हे वाक्य दोनदा म्हणाले.

घरी मी सगळं रंगवून सांगितलं. माझी आई, बेबीनंदा, पोटाला धरून हसली. अर्जाचं वाक्य तिनं मला तीनदा म्हणायला लावलं. बाबा हसले नाहीत. हातावरचं वाळलेलं सिमेंट नखानं खरवडत ऐकत होते.

“आपण जयभीम कशापायी घालतो?” त्यांनी विचारलं. “समोरच्यानं परत घालावा म्हणून. तू त्यानं घालू न्हाई म्हणून घालत होतीस.”

“त्यानंच सुरुवात केली बाबा.”

“त्यो करनारच. त्याला काय ठाऊक त्याचं. तुला ठाऊक व्हतं.”

मला राग आला. मग रात्री जेवताना तो गेला आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. ते चुकीचं बोलले असं मला म्हणता येत नव्हतं. पुन्हा तशी वेळ आली तर मी वेगळं वागेन असंही म्हणता येत नव्हतं. आजही येत नाही.

त्यानंतर वायाळ सरांनी मला नवीन नाव काढलं, ‘केमिस्ट्री’. “ओ केमिस्ट्री, तुमचा तास हाय का?” मी काही हरकत घेतली नाही. केमिस्ट्री हा माझा विषय आहे, आवडता आहे. पण ते नाव त्यांच्याच तोंडात टिकेना. दोन-तीनदा म्हणाले, कुणी हसलं नाही, ज्यात कुणाची जात नाही त्या नावात त्यांनाही मजा वाटेना. महिनाभरात ते आपोआप गळून पडलं.

आता ते मला हिवाळे मॅडम म्हणतात. म्हणताना तोंडात खडा आल्यासारखं करतात. मी वहीतून डोकं वर न काढता “बोला, सर” म्हणते, आणि त्यांना जे काम असेल ते सांगून जातात.