खेळण्यातलं नाही

रविवारी दुपारी काकाच्या शेडमध्ये कोण बरोबर आहे यावरून कधी वाद होत नसे. वाद व्हायचा तो कोण किती चुकलंय यावरून.

शेड म्हणजे घरामागची पत्र्याची जागा. तिच्या मधोमध एक हलका रणगाडा उभा होता. काका आणि त्याच्या दोन मित्रांनी तो भंगारातून तुकड्यातुकड्यांनी आणून जोडला होता. काका बस डेपोत ब्रेक तपासतो. त्याच्या सहीशिवाय एकही बस फाटकाबाहेर पडत नाही. मित्रांपैकी एक बेकरीवाला. त्याला सगळे 'चिलखत' म्हणतात, कारण कुठल्याही रणगाड्याचं नाव निघालं की तो आधी पोलादाची जाडी सांगतो. दुसऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे, म्हणून तो 'दुर्बीण'. मी काकाची पुतणी. पदार्थविज्ञान शिकले आणि आता वजनकाटे आणि मापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते. या तिघांनी मला आपल्यात घेतलं ते कोसाइनसाठी, कोनांच्या हिशेबासाठी.

"जर्मन टायगरच्या पुढच्या बाजूला शंभर मिलिमीटर," चिलखत म्हणायचा. "रशियन टी-चौतीसला पंचेचाळीस. विषय संपला."

"पण ते पंचेचाळीस कललेलं आहे," मी म्हणायची. "उभ्या रेषेपासून साठ अंश. समोरून येणाऱ्या गोळ्याला नव्वद मिलिमीटर कापावे लागतात."

"नव्वद म्हणजे शंभर नव्हे."

"आणि वजन? टायगर जवळजवळ दुप्पट जड आहे."

"वजनाचं सोडा," काका रणगाड्याखालून बोलायचा. फक्त त्याचे पाय दिसत असायचे. "गिअरबॉक्स बोला. जो अर्ध्या रस्त्यात गिअरबॉक्स खातो तो रणगाडा नाही, ते महागातलं बंकर."

तिथला नियम एकच होता. चूक ऐकली की तिथल्या तिथे दुरुस्त करायची, बोलणारा कोणीही असो. पाहुण्यालाही सूट नाही. एकदा काकू चहा घेऊन आली आणि "तुमच्या त्या बुलडोझरवरून कप खाली काढा जरा," असं म्हणाली. तिघांनीही एकाच वेळी तोंड उघडलं. काकूने ट्रे खाली ठेवला. "चहासुद्धा दुरुस्त करायचा असेल तर आत्ताच सांगा," ती म्हणाली.

पोलादाचं बोलून झालं की कायद्यावर गाडी यायची. मला हा भाग जास्त आवडायचा, कारण त्यात सूत्र सापडत नसे. काकाच्या रणगाड्याची तोफ कापून, वेल्डिंग करून बंद केलेली होती, त्यामुळे कायद्याच्या लेखी तो एक अवजड वाहन होता. रस्त्यावर न्यायचा तर इंडिकेटर लावावे लागले असते, बाकी काही नाही. जाड फळीतून बाण आरपार घालवणारा क्रॉसबो खेळाच्या दुकानात कोणालाही मिळतो. पण एका हाताने उघडणारा छोटा चाकू खिशात सापडला तर गुन्हा. दोन हातांनी उघडणारा असेल तर तो त्याच्यापेक्षा लांब असला तरी चालतो.

"म्हणजे खून करायचा तर निवांत, दोन्ही हात वापरून करा," दुर्बीण म्हणाला. "घाई सरकारला आवडत नाही."

आता एका पिस्तुलाबद्दल. रणगाड्याच्या वरच्या फिरत्या घुमटात, आतल्या बाजूला, लोखंडाची एक रिकामी पकड होती. तिच्यात मूळचं सिग्नल पिस्तूल असायचं. त्यातून गोळी नव्हे तर रंगीत प्रकाशाचा बार आकाशात सोडतात, बाकीच्या रणगाड्यांना इशारा म्हणून. ती रिकामी पकड काकाला दातातल्या फटीसारखी सलायची. बरीच वर्षं शोधल्यावर जुन्या सामानाच्या बाजारात, दारांच्या मुठी भरलेल्या एका खोक्यात, त्याला ते सापडलं. घरी आणल्या आणल्या त्याने कानशीने त्याची पिन घासून टाकली, म्हणजे काडतूस घातलं तरी पेटणार नाही.

पण कायद्याला ते पुरत नव्हतं. हातात धरून नळीतून काहीही उडवता येईल ती प्रत्येक वस्तू हत्यार. ते कायमचं निकामी केल्याचा दाखला सरकारमान्य कार्यशाळेकडूनच मिळतो. काका त्या कार्यशाळेत गेला होता. तिथल्या माणसाने पिस्तूल उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. ते फक्त रायफली आणि रिव्हॉल्व्हर निकामी करत. सिग्नल पिस्तूल त्यांच्या नियमांत बसतच नव्हतं. काकाने ते घरी आणून पकडीत अडकवलं, आणि विषय तिथेच राहिला.

मग एके दिवशी फौजदार आला. तक्रार आवाजाची होती. आदल्या रविवारी आम्ही इंजिन चालू केलं होतं आणि शेजारच्या आजोबांना वाटलं की भिंत पडतेय. फौजदार दमलेला, भला माणूस होता. त्याने चहा घेतला, यापुढे सायलेन्सर नीट बसवायला सांगितलं, आणि जायच्या आधी संकोचत विचारलं, "वर चढून बघू का?"

तो घुमटात उतरला तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. त्याने हँडल फिरवलं, भिंगातून शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे पाहिले. मग त्याचा हात पकडीवर गेला.

"हे काय, खेळण्यातलं वाटतं?"

प्रश्न विचारताना तो आमच्याकडे पाहत नव्हता. मला आजही वाटतं की त्याला उत्तर नकोच होतं. त्याने ते परत अडकवायला सुरुवातही केली होती.

"खेळण्यातलं नाही, साहेब," काका म्हणाला.

फौजदाराचा हात थांबला. "म्हणजे, शोभेचं. चालत तर नसेल."

"आत्ता चालत नाही. पिन घासलीय मी. पण नवी पिन कोणीही लेथवर काढू शकेल, अवघड काही नाही. नळी मूळची आहे, साडेसव्वीस मिलिमीटर. एक्केचाळीस सालची."

"त्रेचाळीस," चिलखत म्हणाला.

"एक्केचाळीस."

"अरे, नळीवर शिक्का आहे. एक्केचाळीस दस्त्यावर आहे. दस्ता वेगळ्या कारखान्यातला. साहेब, जरा उजेडात धरा, दिसेल तुम्हाला."

फौजदाराने ते उजेडात धरलं. शिक्का त्रेचाळीसचा होता. तो घुमटातून खाली उतरला, चहाचा कप सरळ करून ठेवला आणि हळू आवाजात काकाला म्हणाला, "कशाला बोललात हो तुम्ही?"

काकाला प्रश्न कळला नाही.

पिस्तूल जप्त झालं. पोलीस ठाण्यात काकाचा जबाब लिहिणाऱ्या शिपायाने 'पिस्तुलासारखी दिसणारी वस्तू' असं लिहिलं होतं. काकाने ते खोडायला लावून पूर्ण नाव सांगितलं, अक्षर अक्षर करून. मी बाकावर बसून ऐकत होते. बोलायला हवं हे मला कळत होतं, पण नेमकं काय बोलायचं ते कळत नव्हतं. तो चुकीचं काहीच सांगत नव्हता.

वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत मोजक्या शब्दांत सगळं समजावलं. तुरुंग होणार नाही. पिन घासलेली आहे, माणूस साधा आहे, न्यायाधीश समज देऊन सोडतील. पण हत्याराच्या प्रकरणात दोषी ठरलेल्या माणसाला सार्वजनिक बससेवेत ठेवता येत नाही. डेपो त्याला काढून टाकेल.

"मी ब्रेक तपासतो," काका म्हणाला. "पिस्तुलाचा ब्रेकशी काय संबंध?"

"काही नाही," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्हाला ते काय आहे हे माहीत नव्हतं, असं म्हणता आलं असतं. पण तुम्ही जबाबात..." त्यांनी जबाब पुन्हा वाचला. "तुम्ही जबाबात ते कुठल्या सालचं, कुठे बनलेलं तेसुद्धा दिलंय."

"मागितलं नव्हतं तरी दिलंय," काकू म्हणाली. "लग्न ठरवतानाही माझ्या वडिलांना मध्यस्थाने सांगितलेली स्वतःची उंची अर्ध्या इंचाने कमी करून सांगितली होती यांनी. खरी तेवढीच होती म्हणून."

सरकारी तज्ज्ञाचा अहवाल आला तेव्हा वकीलबाईंनी आम्हाला लगेच बोलावून घेतलं. त्या पहिल्यांदाच हसत होत्या. तज्ज्ञाने लिहिलं होतं की हे नावेवर वापरायचं संकटसूचक पिस्तूल आहे. आणि नावेवरच्या अशा पिस्तुलांना परवाना लागत नाही. बुडणारा माणूस परवाना कुठे शोधणार, म्हणून कायद्याने ती वगळली आहेत. होड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात ती काउंटरवर मिळतात.

काकाने अहवाल वाचला. "हे चूक आहे."

"असू दे."

"नावेतल्याची नळी पितळेची असते. खाऱ्या पाण्याने लोखंड गंजतं. ही नळी पोलादाची आहे. चुंबक लावला असता तरी कळलं असतं."

"काका," मी म्हणाले.

"तज्ज्ञ आहे ना तो? चुंबक नाही त्याच्याकडे?"

वकीलबाईंनी अहवाल त्याच्या हातातून काढून घेतला. "तुमचं काम आता एकच. काही करायचं नाही. न्यायाधीश विचारतील, वर्णन मान्य आहे का. तुम्ही म्हणायचं, हो."

आम्ही घरी सराव केला. काकू स्वयंपाकघरातल्या स्टुलावर न्यायाधीश होऊन बसली. हातात लाटणं होतं, ते पुरावा.

"हे नावेतलं आहे का?"

"हो. म्हणजे तज्ज्ञांचं म्हणणं..."

"म्हणजे नाही. नुसतं हो."

"हो."

"तोंड असं का केलंत? दाढ दुखतेय का?"

"खोटं बोलतोय मी."

"अहो, आयुष्यात एकदा बोला. मला पेन्शनीपर्यंत तुम्ही डेपोतच हवे आहात. नाहीतर दिवसभर घरात बसून माझ्या कुकरच्या शिट्ट्या दुरुस्त कराल." ती हसत म्हणाली, पण लाटणं घट्ट धरलेलं होतं. काका ते पाहत होता. मग त्याने न अडखळता म्हटलं, "हो. नावेतलं आहे."

कोर्टात काकू पुढच्या बाकावर होती, आम्ही तिघं तिच्या मागे बसलो होतो. चिलखत मध्ये, मी आणि दुर्बीण दोन्ही बाजूंना. दुर्बिणीने चिलखताची बाही आधीपासूनच पकडून ठेवली होती. तज्ज्ञाने पिस्तूल उचललं आणि नळीला पितळी म्हटलं. मग व्यासही चुकीचा सांगितला. काकाचे कान लाल होत गेले. माझ्या शेजारी चिलखत जोरात नाकाने श्वास सोडत होता, आणि बाहीचं कापड ताणलं जात होतं.

"आरोपीला हे वर्णन मान्य आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

काकाने तज्ज्ञाकडे पाहिलं, मग पिस्तुलाकडे. मागे वळून काकूकडे पाहिलं नाही.

"हो," तो म्हणाला. "नावेतलं आहे."

मला हायसं वाटलं. वकीलबाईंनी सवलतीचं कलम सांगितलं आणि बसल्या. मग सरकारी वकील उठला. तरुण होता, आवाज अजिबात चढवला नाही. त्याला वर्णनाबद्दल काही म्हणायचं नव्हतं. त्याने तेच कलम पूर्ण वाचून दाखवलं. सवलत पिस्तुलाला आहे, पण ते नावेवर ठेवलेलं असताना.

"आरोपीकडे एखादी नाव आहे का?"

"नाही," काका म्हणाला.

"मग हे कुठे होतं?"

खरं उत्तर द्यायचं की नाही याचा सराव आम्ही केला नव्हता.

"रणगाड्यात," तो शेवटी म्हणाला.

कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. वकीलबाई पुन्हा उठल्या आणि खूप बोलल्या. कलमाचा हेतू काय, पिन घासलेली आहे, कार्यशाळेने परत पाठवलं, मग माणसाने करायचं काय. न्यायाधीशांनी कलम पुन्हा वाचलं. त्यांनाही ते आवडलेलं दिसलं नाही. "कार्यशाळेचे नियम अपुरे आहेत, हे मला दिसतंय," ते म्हणाले. "पण नियम मी लिहीत नाही." त्यांनी काकाला दोषी ठरवलं आणि समज देऊन सोडलं. पिस्तूल वितळवायचा आदेश झाला.

मी बसल्या जागी दुसरी वाट तपासून पाहिली. काका खरं बोलला असता, रणगाड्यातलंच आहे म्हणाला असता, तर सवलतीचा प्रश्नच आला नसता आणि तो दोषी ठरला असता. खोटं बोलला तरी दोषी. मी कुठे काही सुटलंय का ते पुन्हा पाहिलं. काही सुटलं नव्हतं.

बाहेरच्या व्हरांड्यात काकू भिंतीला टेकून उभी होती. काका वकीलबाईंना विचारत होता, "निकालात ते नावेतलं असंच राहणार?"

"राहणार. तुम्ही मान्य केलंय."

"अपील करता येईल?"

"करता येईल, पण शिक्षा तर सौम्यच आहे. नोकरीचं तिथे काही होणार नाही."

"नोकरीसाठी नाही. वर्णनासाठी."

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा काढून पुसू लागल्या. "तशी सोय नाही," त्या म्हणाल्या.

काकाने माझा हात धरला. "तू सांग कोर्टातल्या लोकांना. तुझं कामच आहे ते. चुकीचं माप तुम्ही दुरुस्त करता ना? वितळवण्याआधी नळीला एकदा चुंबक लावा म्हणावं. शिक्षा राहू दे."

व्हरांड्याच्या टोकाला मुद्देमालाची खिडकी होती. मी तिथे जाऊन उभी राहिले. आतल्या कारकुनाने माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. पिस्तूल त्याच्या मागच्या टेबलावरच पडलं होतं.

"ताई, केस संपली," तो म्हणाला. "आता ते काय आहे, याने कोणाला काही फरक पडत नाही."

त्याने खिडकी लावून घेतली. काका मागे, व्हरांड्यात, उत्तराची वाट पाहत उभा होता. मी बंद खिडकीकडे तोंड करून तशीच उभी राहिले.