घरातल्या घरात उघडणारा कट्टा

मी एक कट्टा आहे. निदान मला तरी तसं सांगण्यात आलंय. दगडमातीचा नव्हे, संगणकात चालणारा. लोकांनी यावं, खरं नाहीतर खोटं नाव घ्यावं, मनातला प्रश्न टाकावा आणि दुसऱ्या कुणी त्याला उत्तर द्यावं, एवढ्यासाठी माझा जन्म. माझ्या जातीचे मोठमोठे कट्टे जगात आहेत, तिथे म्हणे हजारो माणसं नांदतात. माझ्याकडे नेमकं कोण येतं, हे मात्र मला नीटसं कधीच कळलं नाही.

शहाद्याजवळच्या एका गावात, हेमकांतच्या जुन्या संगणकात मी जन्मलो. हेमकांत साखर कारखान्यात नोकरीला आणि हा संगणक हॉलमध्ये क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला. त्याच्या बायकोने, गायत्रीने, एका दुपारी रुमाल काढला. मोबाइलवर व्हिडिओ लावून, तो थांबवत, मागे नेत, तिने मला बसवायला घेतलं. मध्येच लाइट गेली. परत आली तेव्हा मी अर्धाच होतो. ‘माझंच काहीतरी चुकलं असणार,’ असं पुटपुटत तिने मला पहिल्यापासून बसवलं. रसायनशास्त्रातली पदवी इथे कामाची नाही, हेही ती स्वतःलाच ऐकवत होती.

मला ऐकू कसं येतं ते विचारू नका. हॉलमध्ये राहणाऱ्याला घर ऐकू येतंच.

गावातल्या आयांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता की! पण त्यात गायत्रीची नणंद होती आणि नणंदेची जाऊही. तिथे विचारलेलं संध्याकाळपर्यंत दूधवाल्यालाही कळायचं. म्हणून हा बिननावाचा कट्टा. माझ्या अंगावर पडलेला पहिला प्रश्न असा होता:

‘मुलगा अडीच वर्षांचा आहे. तहान लागली की माझा हात धरून माठाकडे नेतो, पण शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत, घरात भरपूर बोला. मी चित्रांचं पुस्तक घेऊन दिवसभर बोलते. माझं काय चुकतंय?’

लगेच ‘खापरची आई’ आली आणि म्हणाली, ‘तुमचं बहुतेक काही चुकत नाही.’ मग ‘मोलगीची ताई’ म्हणाली, ‘बहुतेक तुमचंच चुकतंय.’ मी हरखलो. खापर, मोलगी, गावोगावच्या बायका जमल्या! पण हळूहळू माझा गोंधळ उडू लागला. सगळ्याजणी ‘बहुतेक’ म्हणत. एक लिहीत असली की बाकीच्या गप्प. भूपेश रडला की सगळ्या एकदमच उठून जात. मला वाटलं, बायकांच्या कट्ट्याची रीतच अशी असावी.

भूपेश म्हणजे तो मुलगा. घरात तसा आवाज कमीच. गायत्रीने सासूबाईंना, शोभाबाईंना, बजावलं होतं, ‘आई, त्याच्याशी शुद्धच बोला हं, आपली बोली नको. नाहीतर पुढे शाळेत अडेल.’ शोभाबाई ‘बरं’ म्हणाल्या होत्या. तेव्हापासून दुपारी मला मिक्सर, कुकरची शिट्टी आणि गायत्रीचं ‘हा बघ हत्ती’ एवढंच ऐकू यायचं.

मग गायत्रीने खापरच्या मैत्रिणीला, काजलला, माझा पत्ता पाठवला आणि फोन लावला.

“उघडनं का व?”

“कसानं उघडस! पांढरं पान शे नुसतं. तुन्हा कट्टा उपाशी दिखस, माय.”

“पत्ता बराबर टाका ना?”

“तू धाडा तोच. लोकलहोस्ट. कोन शे हाऊ होस्ट? तुन्हा सासरना शे का?”

गायत्री हसली, पण मला तिचं हसू खरं वाटलं नाही. पुन्हा व्हिडिओ शोधला, तेव्हा उलगडा झाला. त्या पत्त्याचा अर्थ ‘ह्याच यंत्रात’ एवढाच होता. मला शोधत काजलचा फोन स्वतःच्याच पोटात डोकावत होता! मी तिथे कुठून सापडणार?

घरच्या वायफायवर असलेल्या फोनमध्ये मात्र दुसऱ्या, आकड्यांच्या पत्त्याने मी उघडतो, असंही त्या व्हिडिओत होतं. गायत्रीचा फोन चार्जिंगला होता, म्हणून तिने सासूबाईंच्या फोनवर करून पाहिलं. ‘खापरची आई’ हे आपलं नेहमीचंच एक नाव टाकलं आणि मी उघडलो! तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला. ती धावली. फोन खाटेवर तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी ‘खापरची आई’ पुन्हा आली. पण ही ती नव्हे, हे मला लगेच जाणवलं. एकेक अक्षर चाचपडत येत होतं, आणि त्यात ‘बहुतेक’ कुठेच नव्हतं.

‘मी आई नही, आजी शे. सूननी सांगं, पोऱ्यासंगे शुद्धच बोला. माले शुद्ध येस नही. चुकी जाई म्हनीसन मी त्यानासंगे बोलनंच सोडी दिन्हं. डॉक्टर म्हनस, भरपूर बोला. मंग मन्हामुळेच पोऱ्या मुका ऱ्हायना का?’

गायत्रीने सुरूच असलेल्या संगणकात डोकावून नाव पाहिलं आणि न वाचताच फोन उचलला. “काजल! उनी ना तू शेवट!”

“कोठे उनी? मी ते भाकरी थापी ऱ्हायनू!”

मग तिने वाचलं. सावकाश, दोनदा. फोनमधून काजल ‘हॅलो, हॅलो’ करत राहिली. गायत्रीने मान वळवून आतल्या खोलीकडे पाहिलं. खाटेवर शोभाबाई चष्मा नाकावर ओढून फोनकडे बघत बसल्या होत्या. सूनच प्रश्न विचारतेय, हे त्यांना ठाऊक होतं का? मला अजून कळलेलं नाही. गायत्रीलाही नसावं.

दोघींत एक दार होतं, तेही उघडं. तरी गायत्रीने माझ्याकडेच हात वळवले. शुद्ध भाषेत सुरू केलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी उमटलं:

‘तुमनं नही, आई. मन्हं चुकनं. त्यानासंगे बोला. जसं येस तसं. मी बी बोलसू.’

मग आतून खाट करकरली.

“भूप्या, ये रे भो, आठे ये. हाऊ देख, माठ. माठमा पानी शे. थंडगार पानी!”

आता मी दोघींचा कट्टा आहे. समोरासमोर जे जमत नाही ते माझ्यावर येतं. काल आजीच्या मांडीवरून भूपेशने दोन्ही हात कीबोर्डवर आपटले आणि माझ्या अंगावर एक लांबलचक ओळ उमटली. कोणत्या भाषेतली, मला कळलं नाही. चूक समजून पुसायला मी तयार होतो. गायत्रीने पुसू दिली नाही. तिने त्याच्या नावाचं नवं खातं उघडलं.

ती अजूनही म्हणते, तुला एकदा बाहेरच्या जगात न्यायचंय, काजल वाट बघतेय. ने बाई, जरूर ने. पण जरा थांब. या पोराचं पुढचं उत्तर मला इथेच ऐकायचंय. आणि तोवर, लाइट जायच्या आत मला नीट बंद करत जा.